नागाची अंडी, घरचा डबा

नागपुरात घरी नाग पाळून त्यांची पैदास करणारा माणूस शोधायला निघालात, तर तो उघडपणे भेटायचा नाही. भेटलाच तर कबूल करायचा नाही, कारण कबुली म्हणजे तुरुंगाची वाट. पण नागाची अंडी घरात उबवून पिल्लं काढलेली माणसं आहेत, आणि ती हे लपवत नाहीत. उलट खिशातून मोबाइल काढून व्हिडिओ दाखवतात. घरगुती नागपैदाशीचा प्रश्न आपल्याकडे आहे तो या रूपात. अमेरिका-युरोपातले हौशी लोक जोड्या लावून, पांढरे-पिवळे वाण काढून नाग वाढवतात. इथे निसर्गाने अर्धवट सोडलेलं काम डब्यात पुरं होतं. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत असं मला वाटतं. कायदा मात्र मोजतो.

सुरुवात बहुधा मे-जूनमध्ये होते. नागपूरच्या उन्हात कूलरमागची ओल आणि पाण्याच्या टाकीखालचा गारवा बेडकांना बोलावतो, आणि बेडकांमागून नाग येतो. बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड, मिहानचा भाग, सगळीकडे शेतं संपून लेआउटं पडली. उंदरांची बिळं, जुने बांध, वारुळं यांवरून जेसीबी फिरतो आणि सर्पमित्राला फोन जातो : ‘भाऊ, लवकर या ना, पायाच्या खड्ड्यात नाग आहे, अन् अंडीपण दिसून राहिली.’ कधी अंडी खड्ड्यात नसतातच. पकडलेली मादी रात्रभर बरणीत राहते आणि सकाळी तिच्या वेटोळ्यात पांढरी, लांबट, चामड्यासारख्या मऊ कवचाची अंडी पडलेली असतात. एप्रिल ते जुलै हा अंडी घालण्याचा काळ. एका वेळी १० ते ३० अंडी. मोकळ्या रानात मादी बिळात किंवा वारुळात अंडी घालून त्यांच्याजवळ थांबते. बरणीतल्या मादीला तो पर्याय उरलेला नसतो.

पुढची व्यवस्था साधी आहे, पण तिच्यात हातोटी लागते. आइस्क्रीमचा किंवा धान्याचा झाकणाचा प्लास्टिक डबा. तळाशी ओलसर कोकोपीट किंवा चाळलेली माती आणि वाळू. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये, एवढीच ओल. झाकणाला बारीक भोकं. अंडं जसं सापडलं तसंच ठेवायचं, म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण. कोंबडीचं अंडं फिरवत राहावं लागतं, सापाचं फिरवायचं नाही. गर्भ कवचाला आतून एका जागी चिकटतो आणि अंडं उलटलं तर तो गुदमरू शकतो. तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास राहावं लागतं. म्हणजे मे महिन्यात डब्यासाठी कूलरची खोली आणि जुलैच्या झडीत बल्ब. बुरशी धरलेलं अंडं वेळीच बाजूला काढावं लागतं. ४८ ते ६९ दिवसांनी कवचाला चीर पडते. पिल्लाच्या नाकाडावर त्याच कामासाठी एक इवलासा दात असतो, तो पुढे गळून पडतो. चीर पडली म्हणजे पिल्लू लगेच बाहेर येतं असं नाही. डोकं काढून बघतं, पुन्हा आत जातं, उरलेला बलक अंगात जिरवतं. यात अख्खा दिवसही जातो. बाहेर येतं तेव्हा वीतभर, फार तर फूटभर लांब, आणि डिवचलं की फणा काढतं. विष जन्मापासून तयार असतं.

व्हिडिओ निघतो तो इथे. खरी अडचण यानंतर सुरू होते. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठ-पंधरा दिवस, पिल्लू सहसा खात नाही. मग त्याला बेडकाची पिल्लं, पाली, सापसुरळ्या लागतात. वीसेक पिल्लांसाठी हे कोण गोळा करणार? एका डब्यात ठेवली तर एकमेकांना गिळायची भीती. म्हणून शहाणे सर्पमित्र पहिली कात पडली की, किंवा त्याही आधी, पिल्लं रानात सोडतात. इथवर हे काम पैदास करणाऱ्याचं नाही, सुईणीचं आहे.

खरी पैदास म्हणजे नर आणि मादी दोन्ही वर्षानुवर्षं पोसणं. दोन-तीन वर्षांनी ती वयात येणार, हिवाळ्याचा गारवा सोसल्यावर जोडीला लागणार, दोन नर असले तर ते झुंजणार. मग गाभण मादी, अंडी, पिल्लं, प्रत्येकाला वेगळा डबा, प्रत्येकाला भरवणं. प्रत्येक टप्प्यावर हात आणि दात यांच्यात काही इंचांचं अंतर. आपल्याकडे साप पाळायची हौस असलेले लोक त्यामुळे बॉल पायथनसारख्या परदेशी, बिनविषारी सापांकडे वळतात. ते कायद्याने शक्य आहे. परदेशी प्रजातींची नोंदणी करण्याचे नियम केंद्राने २०२४ च्या फेब्रुवारीत आणले. नाग या दारातून आत येत नाही, कारण तो इथला आहे.

इथला असणं म्हणजे काय, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाचावं. नाग पूर्वी दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘प्राणी’ या शब्दात कायद्याने पिल्लं आणि अंडीही धरली आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं किंवा हलवणं ‘शिकारी’त मोडतं. नाग घरात जन्मला म्हणून घरचा होत नाही. परवानगीशिवाय बंदिवासात जन्मलेला प्राणी थेट राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. कलम ३९ आणखी एक गोष्ट सांगतं : अशी मालमत्ता हाती आली की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. कुठे ४८ तास आणि कुठे ४८ ते ६९ दिवस!

या फटीत नागपूरचे, आणि खरं तर महाराष्ट्रातले सगळेच सर्पमित्र उभे आहेत. नेटके लोक वनविभागाला कळवतात, नोंद करून घेतात, पिल्लं सोडताना वनरक्षकाला सोबत नेतात. काही जण आधी रील टाकतात आणि मग कळवतात. काही कळवतच नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला तिघांचे डबे सारखेच दिसतात. पहिल्याला शाबासकी मिळते, तिसऱ्याला अटक होऊ शकते, आणि मधल्याचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या ओळखीवर ठरतं, असं माझं मत आहे. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी घुबडापासून बिबट्यापर्यंत सगळे तिथे जातात. जेसीबीने उघडी पाडलेली अंडी तिथे का जाऊ नयेत, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही. ‘तिथे नीट उबवतील का?’ असा प्रश्न येतो. पण तो प्रश्न त्या जागेची तयारी वाढवण्याचा आहे, आपल्या न्हाणीघरातला डबा चालू ठेवण्याचा नाही.

या उबवण्याने नाग वाचतो का? एक अंडघालणी वाचते, हे खरं. पण नाग ही प्रजाती तूर्त संकटात नाही. जागतिक लाल यादीत ती सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. रानात निपजलेल्या पिल्लांतली बहुतेक मुंगूस, घोरपड, घार, मोर, मोठे साप यांच्या पोटात जातात, आणि ती संख्या निसर्गाने धरलेलीच असते. डब्यात वीसपैकी अठरा पिल्लं निघाली म्हणून पुढच्या वर्षी शहराभोवती अठरा नाग वाढत नाहीत. शिवाय सोडायचं कुठे? सवय अशी की साप म्हटला की जंगल, म्हणून गोरेवाडा नाहीतर पेंचच्या दिशेची झाडी. नाग मुळात शेतातला, बांधावरचा, उंदरांच्या वस्तीतला प्राणी. दाट सागवानात त्याला फारसं काही मिळत नाही. अमेरिकेत रॅटलस्नेकवर झालेल्या अभ्यासात अनोळखी जागी सोडलेले साप जास्त भटकले आणि जास्त मेले. अर्थात ते मोठे साप होते, आपली जागा ओळखणारे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला कुठलीच जागा ओळखीची नसते, तेव्हा तो दाखला इथे तंतोतंत लागू होत नाही. पण एकाच ओढ्याकाठी वीस पिल्लं ओतणं बरं नाही, हे सांगायला अभ्यास कशाला हवा?

घरी नाग वाढवणाऱ्यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट दिल्लीची आहे. गोऱ्या साहेबाने मेलेल्या नागामागे बक्षीस लावलं, लोकांनी घरी नाग पैदा करायला सुरुवात केली, साहेबाने बक्षीस बंद केलं, लोकांनी नाग सोडून दिले आणि नाग होते त्याहून वाढले. जर्मन अर्थतज्ज्ञ होर्स्ट सीबर्ट याने २००१ मध्ये या गोष्टीच्या नावाने पुस्तकच लिहिलं, आणि तेव्हापासून व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात ती सांगितली जाते. तिला भक्कम कागदोपत्री आधार मात्र मिळत नाही. असला प्रकार पुराव्यानिशी सापडतो तो हानोईत, १९०२ मध्ये आणि उंदरांच्या बाबतीत. फ्रेंचांनी शेपटीमागे पैसे दिले, तर लोकांनी शेपट्या तोडून उंदीर जिवंत सोडले, आणि कुठे कुठे उंदीर पाळलेही. दिल्लीच्या गोष्टीबद्दल मला शंका आहे ती नागाच्या जीवनक्रमामुळे. दोन-तीन वर्षं उंदीर-बेडूक खाऊ घालून वाढवलेल्या नागामागे काही आणे मिळत असतील, तर तो धंदा पहिल्याच वर्षी बुडेल. परवडू शकला असता तो एकच मार्ग : गाभण मादी पकडायची, अंडी घालू द्यायची, पिल्लं निघाली की मोजून द्यायची. म्हणजे आज लेआउटातला सर्पमित्र जे करतो तेच, फक्त हेतू उलटा. आपल्याकडचं खरं उदाहरण रत्नागिरीचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे फुरशांवर बक्षीस लावलं गेलं आणि मेलेल्या फुरशांचा आकडा लाखांच्या घरात गेला. तिथे कोणाला पैदास करायची गरजच पडली नाही. दगड उचलला की फुरसं, असा तो मुलूख. एवढं मारूनही फुरसं कोकणातून गेलं नाही.

नाग काही दिवसांपुरता घरात ठेवण्याची परंपरा आपल्याकडे बत्तीस शिराळ्याची. सांगली जिल्ह्यातल्या या गावात नागपंचमीआधी नाग पकडून मडक्यांत ठेवत, मिरवणूक काढत आणि नंतर पकडल्या जागी सोडत. उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली, आणि गावाचं ते दुखणं होऊन बसलं. २०२५ च्या नागपंचमीला केंद्राने शैक्षणिक हेतूने २१ नाग पकडण्याची परवानगी दिली. शिराळकरांना नाग हाताळता येतो यात वाद नाही. पण सणाला परवानगी आणि अंड्यांच्या डब्याला गुन्हा, ही वाटणी कुठल्या तत्त्वावर झाली ते समजत नाही. विदर्भाचा भक्त त्याच श्रावणात पचमढीच्या नागद्वारीला जातो, सातपुड्याचे डोंगर चढतो, आणि त्याला जिवंत नागाची गरज पडत नाही.

घरच्या पैदाशीची बाजू घेणारा शेवटी विषावर येतो. विषापासून औषध बनतं, देशात सर्पदंशाने माणसं मरतात, मग घरी नाग वाढवून विष का काढू नये? मृत्यूंचं म्हणणं खरं आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक खेड्यांतले. केंद्राने २०२४ मध्ये कृती आराखडा काढून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. पण घरी काढलेल्या विषाचा यात काडीचा उपयोग नाही, आणि कारण केवळ कायद्याचं नाही. औषधासाठी विष काढायला कायद्यात स्वतंत्र परवानगीची तरतूद आहेच. नाग पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे राज्याला ती देण्यापूर्वी केंद्राला विचारावं लागतं, इतकंच. मुख्य अडचण विषातच आहे. प्रतिविष बनवायचं तर पुष्कळ सापांचं, ठाऊक असलेल्या ठिकाणांहून आलेलं विष एकत्र करावं लागतं. एका मादीची वीस पिल्लं म्हणजे एकाच घरातली वीस भावंडं. त्यांचं विष एका कुटुंबाचं चित्र देईल, जिल्ह्याचं नाही.

आणि जिल्ह्याचं चित्र हवं आहे. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतांश विष तमिळनाडूतून येतं. महाबलीपुरमजवळ वडनेम्मेलीला इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे इरुला परवान्याने साप आणतात, मातीच्या मडक्यात साधारण तीन आठवडे ठेवतात, चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्याला खूण करतात आणि सोडून देतात. पैदास करत नाहीत. ते विष गोठवून, वाळवून कारखान्यांत जातं आणि घोड्यांना टोचलं जातं. महाराष्ट्रात प्रतिविष बनवण्याची परंपरा हाफकिन संस्थेची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या चमूने दाखवून दिलं आहे की नागाचं विष प्रदेशागणिक बदलतं, आणि दक्षिणेतल्या विषावर बनलेलं औषध दुसरीकडे कमी पडू शकतं. बाटलीवर लिहिलेलं असतं की १ मिलिलिटर प्रतिविष नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. पण कुठल्या नागाचं, ते बाटली सांगत नाही. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात आलेल्या रुग्णाला किती बाटल्या लागतील, याचं उत्तर अंशतः तिथल्या नागांच्या विषात दडलेलं आहे. विदर्भात परवानाधारक सर्पगृह असावं, तिथे नाग, घोणस (इथल्या भाषेत परड) आणि मण्यार यांचं स्थाननिहाय विष जमावं, आणि हवं तर पैदासही तिथेच व्हावी. हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. तशी पैदास करायला पशुवैद्य हवा, दाराला दोन कड्या हव्यात आणि हाताशी प्रतिविष हवं. दोन बेडरूमच्या फ्लॅटात यातलं काय आहे?

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवून पाहिला. चीनच्या झेजियांग प्रांतात झिसिक्याओ नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकात तिथे एका शेतकऱ्याने सापांची पैदास सुरू केली, आणि पुढे गावभर घरोघरी ती पसरून वर्षाला तीसेक लाख साप निघू लागले, त्यांत चिनी नागही. खाण्यासाठी, औषधासाठी, दारूत बुडवण्यासाठी. २०२० मध्ये करोनाच्या पार्श्वभूमीवर चीनने वन्यप्राणी खाण्यावर बंदी आणली आणि त्या गावाच्या धंद्यातला मोठा हिस्सा गेला. ब्रिटनमध्ये १९७६ च्या कायद्याने स्थानिक परिषदेचा परवाना घेऊन नाग पाळता येतो. फ्लोरिडात विषारी सापाच्या परवान्याआधी हजार तासांचा अनुभव दाखवावा लागतो. नॉर्थ कॅरोलिनात नियम सैल, आणि त्याचं फळ २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या रॅले शहराने पाहिलं. विष थुंकणारा एक आफ्रिकी नाग एका घराच्या ओसरीवर दिसला आणि शहर दोन दिवस दारं लावून बसलं. तो आधीच्या नोव्हेंबरपासून बेपत्ता होता. मालकाने कळवलं नव्हतं. मधल्या मार्चमध्ये त्याच मालकाला त्याच्याच ग्रीन माम्बाने चावा घेतला होता. अशी माणसं वेडी नसतात, बहुतेकदा जाणकार असतात. जाणकारी वाढली की हात सैल पडतो, एवढंच.

आपल्याकडे हात सैल पडण्याचं नवं कारण म्हणजे कॅमेरा. २०२५ च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या राघोगढला एक सर्पमित्र पकडलेला नाग गळ्यात घालून मोटरसायकलवरून मुलाला शाळेतून आणायला गेला. नाग चावला आणि तो दगावला. २०२३ मध्ये नोएडात पार्ट्यांसाठी ठेवलेले नऊ साप पोलिसांनी जप्त केले, त्यांत पाच नाग होते. नाग घरात असला की घरापुरता राहत नाही, हे दोन्हीकडे दिसलं. उबवलेल्या पिल्लांच्या बाबतीत धोका आणखी फसवा. पिल्लू लहान, म्हणून ते तळहातावर घेतलं जातं. नागाचं विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. पिल्लाच्या दंशात विष थोडं असेल, पण असतं तेच.

महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि १० लाख रुपयांचा अपघात विमा देण्याचं जाहीर केलं. घोषणा करणारे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे नागपूर जिल्ह्यातलेच. ओळखपत्र आलं की कोणी साप पकडायचा हे ठरेल. पकडल्यानंतर त्या बरणीत सकाळी अंडी दिसली तर काय, हेही त्याच वेळी लिहून टाकावं : किती तासांत कोणाला कळवायचं, अंडी कुठल्या केंद्रात न्यायची, मादी कधी आणि कुठे सोडायची, पिल्लं किती निघाली आणि कुठल्या गावाच्या शिवारात विखरून सोडली. चार रकाने पुरतील. सध्या हे सगळं सर्पमित्राच्या मोबाइलमध्ये असतं, आणि मोबाइल बदलला की जातं.